एक खेळ, दोन पडदे

निन्टेन्डो स्विचच्या खोक्यातून बाहेर येणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे त्याचा डॉक. काळ्या प्लॅस्टिकची ही बैठक टीव्हीशेजारी ठेवायची, मागून एक वायर टीव्हीला आणि दुसरी अडॅप्टरला जोडायची आणि कन्सोल वरून आत सरकवायचा. हातातला पडदा विझतो आणि तोच खेळ, जिथे होता तिथूनच, टीव्हीवर चालू राहतो. चित्र नुसतं मोठं होत नाही, बऱ्याच खेळांत ते अधिक रेखीवही होतं. त्यामुळे २०१७ मध्ये हे यंत्र नवीन असताना अनेकांचा समज झाला होता की डॉकच्या पोटात आणखी एखादी ताकदवान चिप दडलेली असणार.

तसं काहीच तिथे नव्हतं. डॉकमधलं छोटंसं सर्किट यूएसबी-सी जोडणीतून येणारं चित्र टीव्हीला कळेल अशा एचडीएमआय सिग्नलमध्ये बदलतं, कन्सोलला वीज पुरवतं आणि दोन-तीन जास्तीचे यूएसबी पोर्ट देतं. खेळ चालवणारा संगणक अख्खाच्या अख्खा हातातल्या पाटीत आहे. मग टीव्हीवर तो अधिक चांगलं चित्र कुठून आणतो? या प्रश्नाच्या उत्तरात स्विचची सगळी रचना येते, म्हणून ते जरा सावकाश पाहू.

मूळ स्विचची बॅटरी ४३१० मिलिअँपिअर-तासांची होती, म्हणजे साधारण १६ वॅट-तास. एका चार्जिंगवर अडीच ते साडेसहा तास खेळता येईल, असं निन्टेन्डोने सांगितलं होतं. साधा भागाकार केला तरी कळतं की पडदा, चिप, वायफाय आणि आतला छोटा पंखा या सगळ्यांना मिळून फार तर साडेसहा वॅट खर्च करायची मुभा होती. त्या काळातला प्लेस्टेशन ४ एखादा मोठा खेळ चालवताना शंभर वॅटहून अधिक वीज घेत असे. आणि वीज हा अर्धाच प्रश्न. खर्च झालेल्या प्रत्येक वॅटची शेवटी उष्णता होते, आणि हे यंत्र माणसाच्या हातात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं.

डॉकमध्ये ठेवल्यावर दोन्ही बंधनं एकदम सैल होतात. वीज भिंतीतून येते, पडदा बंद असतो, हात दूर असतात. कन्सोल हे ओळखतो आणि चित्र रेखाटणाऱ्या भागाचा वेग वाढवतो. अभ्यासकांनी केलेल्या नोंदींनुसार हातात असताना हा भाग साधारण ३०७ ते ३८४ मेगाहर्ट्झवर चालतो, तर डॉकमध्ये ७६८ वर, म्हणजे दुप्पट ते अडीचपट. आता पडद्यांकडे पाहा. हातातला ६.२ इंची पडदा १२८० बाय ७२० ठिपक्यांचा आहे, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास ठिपके. टीव्हीचं पूर्ण एचडी चित्र १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार. प्रमाण बरोबर सव्वादोन पट. भरायचे ठिपके सव्वादोन पट आणि वेग दुप्पट ते अडीचपट, असा हा हिशेब जमवलेला आहे.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मुख्य प्रोसेसरचा वेग निन्टेन्डोने दोन्हीकडे एकच ठेवला, साधारण १०२० मेगाहर्ट्झ. शत्रू कसा वागतो, उडी मारलेला मारिओ किती वेळात खाली येतो, डोंगरावरून लोटलेला दगड कुठे जाऊन थांबतो, हे सगळं हा प्रोसेसर ठरवतो. तो बदलला नाही, म्हणून खेळ बदलला नाही. बसमध्ये खेळलेला खेळ आणि दिवाणखान्यात खेळलेला खेळ आतून तंतोतंत सारखा राहिला, फक्त त्याचं चित्र लहान-मोठं झालं. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ टीव्हीवर ९०० ओळींत आणि हातात ७२० ओळींत चालतो, पण त्यातला डोंगर चढायला तेवढेच श्रम पडतात.

हे तंत्र जमवण्याआधी मात्र निन्टेन्डोला स्वतःच्या घरातली एक जुनी वाटणी मोडावी लागली.

क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये हानाफुदा हे जपानी पत्ते बनवायला सुरुवात केली, तिथून ही कंपनी निघाली. पत्त्यांवरून खेळणी, खेळण्यांवरून इलेक्ट्रॉनिक खेळ असा तिचा प्रवास झाला. १९८० मध्ये खिशात मावणारे ‘गेम अँड वॉच’ आले, १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम आला आणि १९८९ मध्ये गेम बॉय. त्यानंतर जवळपास पाव शतक निन्टेन्डोच्या घरात दोन चुली पेटत राहिल्या. एकीवर टीव्हीचे कन्सोल शिजत: सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४, गेमक्यूब, वी. दुसरीवर हातातले: गेम बॉय ॲडव्हान्स, डीएस, थ्रीडीएस. दोन्हींच्या चिप वेगळ्या, साधनं वेगळी, खेळ बनवणाऱ्यांच्या सवयी वेगळ्या. एकीकडचा खेळ दुसरीकडे न्यायचा तर तो जवळजवळ नव्याने बांधावा लागे.

मधूनमधून सांकव टाकायचे प्रयत्न झाले. १९९४ मध्ये सुपर गेम बॉय नावाचं एक कार्ट्रिज निघालं, त्यात गेम बॉयचा खेळ घालून तो सुपर निन्टेन्डोवर, म्हणजे टीव्हीवर खेळता येई. २००३ मध्ये गेमक्यूबच्या तळाशी बसणारा गेम बॉय प्लेअर आला. पण हे दोन्ही सांकव एकाच दिशेचे होते. छोट्या यंत्राचा खेळ मोठ्या पडद्यावर आणणं सोपं होतं. मोठ्या यंत्राचा खेळ हातात देणं ही खरी मागणी होती आणि तिला उत्तर नव्हतं.

जोवर खेळ लहान होते, तोवर वेगळं राहणं परवडत होतं. गेम बॉयचा खेळ मोजकी माणसं थोड्या महिन्यांत बनवू शकत. टीव्हीचं चित्र एचडी झाल्यावर हे गणित बिघडलं. एकेका खेळामागे कितीतरी अधिक चित्रकार, प्रोग्रामर आणि वर्षं लागू लागली. नोव्हेंबर २०१२ मध्ये वी यू हा कन्सोल आला, तेव्हा निन्टेन्डोला एकाच वेळी त्याच्यासाठी एचडी खेळ आणि थ्रीडीएससाठी वेगळे खेळ पुरवायचे होते. माणसं तीच, दिवसाचे तासही तेवढेच. वी यूवर खेळांचा दुष्काळ पडू लागला, खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक आलं नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून बाहेरच्या कंपन्यांनी पाठ फिरवली.

वी यूबद्दल लोक फार तुच्छतेने बोलतात, ते मला पटत नाही. त्याच्या कंट्रोलरमध्येच एक पडदा होता. घरातल्या कुणाला टीव्ही हवा असेल तर खेळणाऱ्याने टीव्ही सोडून त्या पडद्यावर खेळ चालू ठेवायचा, ही सोय त्यात होती आणि ज्यांनी ती वापरली त्यांना ती फार आवडली. अडचण एवढीच की संगणक टीव्हीखालच्या डब्यातच राहिला होता. चित्र बिनतारी मार्गाने कंट्रोलरपर्यंत येई, त्यामुळे काही मीटर लांब गेलं की ते तुटे. शेजारच्या खोलीत जेमतेम चाले, घराबाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता. स्विचची निम्मी कल्पना इथे तयार झालेली होती.

जानेवारी २०१४ मध्ये निन्टेन्डोने वर्षभरातला वी यूच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्मा केला. वी यू शेवटी १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबला, त्याच्या आधीचा वी १० कोटींहून अधिक विकला गेला होता.

इवाता हे मुळात प्रोग्रामर. साप्पोरोत वाढलेले, एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत खेळ लिहीत पुढे आलेले आणि २००२ मध्ये यामाउची घराण्याबाहेरचे निन्टेन्डोचे पहिले अध्यक्ष झालेले. संकटात त्यांनी केलेली दुरुस्ती व्यवस्थापकापेक्षा प्रोग्रामरची वाटते. २०१३ मध्येच त्यांनी टीव्हीचे कन्सोल बनवणारा आणि हातातले कन्सोल बनवणारा असे हार्डवेअरचे दोन विभाग एकत्र केले होते. २०१४ च्या जानेवारीत गुंतवणूकदारांसमोर त्यांनी मांडलं की पुढची यंत्रं एकाच कुटुंबातल्या भावंडांसारखी असतील, त्यांचा पाया एक असेल आणि एकासाठी लिहिलेलं दुसऱ्याला वापरता येईल. सप्टेंबर २०१५ मध्ये खेळ बनवणारे दोन मोठे विभागही एक झाले. माझ्या मते स्विचचा खरा शोध या विलीनीकरणात आहे. कंट्रोलर सुटे होणं, डॉकमध्ये बसणं ही त्याची बाहेरून दिसणारी रूपं.

मार्च २०१५ मध्ये इवातांनी ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने नव्या यंत्राची पहिली जाहीर वाच्यता केली आणि त्याच वर्षी ११ जुलैला ते गेले. वय ५५. ज्या यंत्राने त्यांचा हिशेब खरा ठरवला, ते बाजारात आलेलं त्यांनी पाहिलं नाही. अनुभवी अभियंते गेन्यो ताकेदा, निर्माते योशिआकी कोइझुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पूर्ण केलं. कंपनीची धुरा तात्सुमी किमिशिमा यांच्याकडे आली.

घरी आणि बाहेर एकच खेळ खेळण्याची कल्पना निन्टेन्डोची एकट्याची नव्हती, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये एनईसीने टर्बोएक्सप्रेस काढला होता, त्यात त्यांच्या घरगुती कन्सोलचीच कार्डं चालत. १९९५ मध्ये सेगाने अमेरिकेत नोमॅड आणला. तो हातात धरून खेळायचा जेनेसिस कन्सोलच होता, जेनेसिसची कार्ट्रिज घ्यायचा, आणि वायर जोडली की टीव्हीवरही चाले. म्हणजे स्विचच्या बावीस वर्षं आधी स्विच. पण त्याला सहा एए सेल लागत आणि ते दोन-तीन तासांत संपत. शिवाय सेगाचं स्वतःचं लक्ष तोवर सॅटर्न या नव्या कन्सोलकडे वळलं होतं. कल्पना बरोबर होती, पण त्या काळच्या चिप आणि सेल तिला झेपणारे नव्हते.

निन्टेन्डोत या बाबतीत एक जुनी शिकवण होती, तिचं श्रेय गुनपेई योकोई यांना. १९६५ मध्ये ते पत्त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला लागले. फावल्या वेळात त्यांनी लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक खेळण्यातला हात बनवला होता, तो तत्कालीन अध्यक्ष हिरोशी यामाउचींच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ म्हणून बाजारात आला. पुढे गेम अँड वॉच आणि गेम बॉय त्यांच्याच हाताखाली घडले. नवंकोरं, महाग तंत्रज्ञान घेऊ नका. मुरलेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या खोडी माहीत झाल्या आहेत असं घ्या आणि त्याचा कुणी केला नसेल असा उपयोग करा, हे त्यांचं म्हणणं. गेम बॉयचा पडदा हिरवट आणि बिनरंगी होता. अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर हे त्याचे प्रतिस्पर्धी रंगीत आणि मागून उजळलेले होते, पण सहा सेल काही तासांत खाऊन टाकत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या पुढे चाले. जिंकला तोच.

स्विचमध्ये हीच शिकवण दिसते. त्यातली एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१ चिप जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाली होती आणि त्याच वर्षी एनव्हिडियाच्या स्वतःच्या शील्ड टीव्ही या डब्यात विकलीही गेली होती. म्हणजे ३ मार्च २०१७ ला स्विच आला, तेव्हा ती दोन वर्षांची होती. साठवणीची जागा ३२ जीबी, मेमरी ४ जीबी. कागदावर पाहिलं तर प्रतिस्पर्ध्यांपुढे हे आकडे किरकोळ होते आणि अनेक जाणकारांनी तसं लिहिलंही. पण मोबाइल आणि टॅब्लेटच्या लाटेने कमी विजेच्या चिप, बॅटऱ्या, स्पर्शाचे पडदे आणि यूएसबी-सी हे सगळं स्वस्त केलं होतं. नोमॅडला जे मिळालं नाही, ते ज्या स्मार्टफोनने हातातल्या कन्सोलचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच स्मार्टफोनने स्विचला मिळवून दिलं.

दोन्ही बाजूंना रुळांवर सरकून बसणारे जॉय-कॉन हा योकोईंना आवडला असता असा भाग. पडद्याला लावले की ते हातातल्या कन्सोलच्या मुठी होतात आणि चार्जही होतात, काढले की बिनतारी कंट्रोलर. आणि एकेक आडवा धरला तर दोन जणांसाठी दोन. खोकं उघडलं की दुसरा कंट्रोलर विकत न घेता भावंडांना एकत्र खेळता येतं, ही साधी गोष्ट प्रतिस्पर्धी कन्सोल देत नव्हते. फॅमिकॉमच्या दोन्ही कुशींत दोन कंट्रोलर वायरने कायमचे जोडलेले असत. जानेवारी २०१७ मध्ये टोकियोतल्या कार्यक्रमात स्विच सादर करताना निन्टेन्डोने हे नातं स्वतःच बोलून दाखवलं. जॉय-कॉनमधली कंपनंही बारीक आहेत. ‘वन-टू-स्विच’मधल्या एका खेळात कंट्रोलर हातात हलवून आत किती गोळ्या आहेत ते ओळखायचं असतं. आत एकही गोळी नसते, तरी तळहाताला त्या घरंगळताना जाणवतात.

खेळाची कार्डं अगदी लहान केल्यावर एक नवी काळजी आली, लहान मुलं ती तोंडात घालतील. म्हणून त्यांच्यावर डेनाटोनियम बेंझोएट या अतिशय कडू पण निरुपद्रवी पदार्थाचा लेप दिला. मूल ते चाखताच थुंकून टाकतं. २०१७ मध्ये मोठ्या माणसांनीही खात्री करून घेण्यासाठी ती चाटून पाहिली आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघाला.

पहिल्या दिवशी यंत्राबरोबर आलेले खेळ मोजके होते, पण त्यात ब्रेथ ऑफ द वाइल्ड होता. हा खेळ मुळात वी यूसाठी सुरू झाला आणि शेवटी दोन्हीवर निघाला. पहिल्या महिन्यात अमेरिकेत सुमारे ९ लाख ६ हजार स्विच विकले गेले आणि स्विचसाठीच्या या एका खेळाच्या ९ लाख २५ हजार प्रती. यंत्रांपेक्षा खेळ जास्त! काहींनी एक प्रत जपून ठेवायला आणि एक खेळायला घेतली असावी, काहींना खेळ मिळाला पण कन्सोल दुकानात शिल्लक नव्हता.

एक खेळ दोन यंत्रांसाठी बनवण्याऐवजी एकाच यंत्रासाठी बनवला की काय होतं, याचा सर्वांत बोलका पुरावा ‘मारिओ कार्ट ८’ देतो. वी यूवर हा शर्यतीचा खेळ ८४ लाखांच्या आसपास विकला गेला. एप्रिल २०१७ मध्ये तोच, थोड्या भरीसह, ‘डिलक्स’ म्हणून स्विचवर आला आणि पावणेसात कोटींच्या पुढे गेला. खेळ तोच होता. पोकेमॉनचं उलट घडलं. १९९६ पासून त्याचे मुख्य खेळ हातातल्या कन्सोलांवरच निघत आले होते. टीव्हीवर मोठ्या चित्रात तो खेळायची अनेकांची इच्छा अपुरी राहिली होती. स्विचवर ती आपोआप पूर्ण झाली, कारण दोन वेगळी कपाटं उरलीच नव्हती. झेल्डावाले आणि पोकेमॉनवाले एकाच कपाटातून खेळ काढू लागले.

सप्टेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डोने स्विच लाइट आणला. त्याला टीव्हीशी जोडताच येत नाही, कंट्रोलर सुटे होत नाहीत, म्हणजे ज्यावरून यंत्राचं नाव पडलं ते दोन्ही गुण त्यात नाहीत. तरी तो चालला. पडदा ५.५ इंची, तेव्हाची किंमत २०० डॉलर, आणि खेळ जवळजवळ सगळे तेच. लोकांना हे यंत्र नेमकं कशासाठी हवं होतं, हे लाइटने फार स्पष्ट दाखवलं. २०२१ मध्ये ७ इंची ओलेड पडद्याचा स्विच आला. त्याआधी २० मार्च २०२० ला, जग घरात कोंडलं जात असताना, ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आला. बेटावर झाडं लावायची, मासे पकडायचे, मित्रांच्या बेटावर जायचं, एवढाच खेळ. सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३४ लाख प्रती गेल्या. ज्यांना प्रत्यक्ष भेटता येत नव्हतं, ते तिथे भेटले. मार्च २०२५ अखेर सर्व प्रकारच्या स्विचची मिळून विक्री १५ कोटी २१ लाखांवर पोचली होती.

भारतात २०१७ मध्ये स्विच अधिकृतपणे विकलाच गेला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आयात केलेले नग, नाहीतर परदेशातून येणाऱ्या आत्या-मामांच्या बॅगा, हेच मार्ग. पण महाराष्ट्रातल्या ज्या मुलांनी नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला खेळल्या, त्यांना निन्टेन्डो हे नाव कळायच्या आधी मारिओ माहीत होता. टीव्हीला जोडायचा डबा, दोन ‘रिमोट’, पिवळी कॅसेट, तिच्यावर शेकडो खेळांचा दावा आणि आत फिरून फिरून तेच थोडे खेळ. घरात टीव्ही एकच. बातम्या किंवा मालिका लागली की रणगाड्यांची लढाई अर्ध्यात थांबायची आणि डबा बंद केला की सगळं पहिल्यापासून. एका टीव्हीवरून चालणारं हे भांडण ओसाकात आणि सांगलीत सारखंच होतं, म्हणून मला स्विचची कल्पना परकी वाटत नाही.

या यंत्राचा एक दोष मात्र गंभीर होता आणि निन्टेन्डोने त्याला सामोरं जायला फार वेळ लावला. जॉय-कॉनची काडी काही महिन्यांच्या खेळानंतर न हलवताच हलू लागे. पात्र उभं असताना आपोआप एका बाजूला चालत सुटे. काडीच्या आत कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूचा स्पर्श सरकत असतो. पट्टी झिजली की स्थितीचं चुकीचं माप मिळतं. अमेरिकेत सामूहिक दावे दाखल झाले. जून २०२० मध्ये अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी जवळपास २५ हजार तक्रारी गोळा करून २०२१ मध्ये युरोपियन आयोगाकडे नेल्या आणि २०२३ मध्ये तिथे हमीची मुदत संपलेले जॉय-कॉनही मोफत दुरुस्त करण्याचं कंपनीने मान्य केलं. लहान मुलांसाठी यंत्र बनवणाऱ्यांकडून हे पहिल्याच वर्षी व्हायला हवं होतं. मुरलेलं, खोडी माहीत असलेलं तंत्रज्ञान वापरा, या योकोईंच्या शिकवणीत खोडी दूर करणंही येतं.

स्विचनंतर मोठ्या खेळांना हातात घेणं ही सर्वमान्य गोष्ट झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हाल्व्हने स्टीम डेक आणला, त्यावर पीसीचे खेळ चालतात आणि डॉकमार्गे ते टीव्हीवरही जातात. २०२३ मध्ये असुसचा आरओजी ॲलाय आला. ५ जून २०२५ ला स्विच २ बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. पडदा ७.९ इंची, पूर्ण एचडी. टीव्हीवर ४-के पर्यंत चित्र. जॉय-कॉन आता चुंबकाने चिकटतात. डॉकमध्ये एक पंखा आला आहे, पण चित्र बनवणारी चिप अजूनही कन्सोलमध्येच आहे.

नवी चिप जुनीपेक्षा इतकी वेगळी आहे की जुने खेळ तिच्यावर आपसूक चालत नाहीत. जुन्या खेळाच्या सूचना चालता चालता नव्या चिपला कळतील अशा बदलून घ्याव्या लागतात, आणि निन्टेन्डोने हजारो खेळांवर ते काम करून घेतलं. वी यूवरून स्विचवर येताना त्यांनी हे केलं नव्हतं; तेव्हा लोकांना जुने खेळ पुन्हा विकत घ्यावे लागले. एकत्र केलेलं कपाट या वेळी तरी त्यांनी मोडू दिलं नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

म्हणूनच स्विच २ बरोबर आलेल्या ‘गेम-की कार्ड’ची चिंताही वाटते. या कार्डात खेळ नसतो. असते फक्त परवानगीची किल्ली. ते घातलं की खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. मित्राला ते देता येतं, विकताही येतं, पण निन्टेन्डोचा सर्व्हर चालू असेल तोवरच. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानांत खेळ विकणं बंद केलं, एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्यावरचं ऑनलाइन खेळणंही. त्या यंत्रांची कार्ट्रिज आणि डिस्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांचे एकट्याने खेळायचे खेळ आजही सुरू होतात. मोठी साठवण असलेलं कार्ड महाग पडतं, म्हणून अनेक प्रकाशक किल्लीचा स्वस्त मार्ग निवडत आहेत. सीडी प्रोजेक्टने मात्र ‘सायबरपंक २०७७’ हा अवाढव्य खेळ ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण बसवून विकला.